ठाम मत

कागद एकच होता, पाठपोट छापलेला. वर महाविद्यालयाचं नाव, त्याखाली विषयाचं नाव लिहायला एक रेघ आणि रेघेखाली मोठा चौकोन. चौकोनाच्या डोक्यावर छापलं होतं, 'सदर विषय विद्यार्थ्यांनी का शिकावा? (कमाल दहा ओळी)'. सुचिता मॅडमनी तो प्रसेनजितच्या टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून त्यावर त्याचाच चष्म्याचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, "सर, पाच वाजेपर्यंत द्या. पाचापेक्षा कमी विद्यार्थी असलेले तीन विषय प्राचार्यांनी बंद करायला बाजूला काढलेत. तुमचा त्यात पहिला." राज्यशास्त्राच्या विभागप्रमुख म्हणून त्यांना हे सांगावं लागत होतं आणि सांगताना वाईटही वाटत होतं, पण ते वाईट वाटणं त्यांनी दारापर्यंत जाताजाताच आटोपलं. दारातून वळून म्हणाल्या, "आणि एका तरी विद्यार्थ्याचा लेखी अभिप्राय जोडा. ती काजल आहे ना तुमच्या वर्गात, तिच्याकडून घ्या. पोरगी चांगलं लिहिते." प्रसेनजित हो म्हणाला. काजलचं नाव ऐकल्याबरोबर चहाचा कप उचलायला गेलेला हात मध्येच थांबला आणि कप तसाच राहिला.

त्याच्या विषयाचं नाव लांबलचक होतं. परराष्ट्र धोरण : निर्णयप्रक्रियेचे सिद्धांत. नांदुऱ्यात कोणाला हे नाव सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग उगाच आदरानं गप्प व्हायचे. कापसाच्या गाड्या, धान्याची पोती आणि येणाऱ्याजाणाऱ्या आगगाड्या यांच्यावर चालणारं गाव. तिथे हा माणूस तेरा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये नव्यानं नेमणूक पदरात पाडून घेऊन, पोरांना सांगत होता की दूरदूरच्या राजधान्यांत बंद दाराआड माणसं निर्णय कसे घेतात. हे का शिकायचं, हा प्रश्न काही प्राचार्यांनी नव्यानं शोधून काढला नव्हता. दरवर्षी मागच्या बाकावरून कोणी ना कोणी विचारायचंच, "सर, दिल्लीत आपल्याले कोण इचारून राह्यलं?" आणि त्याचं उत्तर तयार असायचं. बाबांनो, देश कधी निर्णय घेत नसतो. देशाला ना डोकं असतं ना झोप. निर्णय घेतात सात-आठ माणसं, एका खोलीत बसून. त्यातल्या एकाची झोप झालेली नसते, एकाला साहेबापुढे तोंड उघडायची भीती असते, एकाला आपल्या खात्याचं वजन वाढवायचं असतं, आणि एकाला पक्कं ठाऊक असतं की हे चुकतंय, पण बाकीचे माना डोलावतायत म्हणून तोही डोलावतो. बाहेर आल्यावर त्या सगळ्याला राष्ट्रहित म्हणतात. पोरं हसायची. पोरांना हे पटायचंही, कारण प्रत्येकाच्या घरी अशी एक खोली होती. आज चौकोनात 'कारण' एवढा एकच शब्द लिहून झाला आणि पेन अडलं. उत्तर काही बदललं नव्हतं. ते देणाऱ्या माणसावरचा त्याचा स्वतःचा भरवसा मात्र गेल्या मे महिन्यात उडाला होता.

वरवट बकाल हे त्याचं गाव. तिथे अशी खोली उत्तमरावांच्या घरात होती, दर्शनी, रस्त्याकडे तोंड असलेली. गावातलं बरंचसं त्या खोलीत ठरायचं. नळाची लाईन कोणत्या गल्लीतून आधी न्यायची, पाण्याचा टँकर कुठे उभा करायचा, कोणाच्या शेतातून रस्ता काढायचा. प्रसेनजितची आई विमलबाई त्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची आणि वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी त्या घरी सरकीची कामं करायची. तिला बोलवायला गेलेला सात-आठ वर्षांचा प्रसेनजित बाहेर पायरीशी उभा राहून आतलं ऐकायचा. आवाज ऐकू यायचे, शब्द अर्धेच. मग चपलांचा आवाज व्हायचा, माणसं बाहेर पडायची, आणि पुढच्या आठवड्यात कळायचं की नळ आपल्या वस्तीपर्यंत येणार नाही. कोणी ठरवलं? कोणी सांगू शकायचं नाही. 'असं ठरलं' म्हणायचे. पुढे अमरावतीला एम.ए. करताना वाचनालयात पहिल्यांदा हे सिद्धांत वाचले तेव्हा इतर पोरांना ते रुक्ष वाटले होते. याला मात्र कोणीतरी आपल्याला दंडाला धरून त्या दाराच्या आत नेल्यासारखं झालं होतं. 'असं ठरलं' असं काही नसतं, कोणीतरी ठरवलेलं असतं, आणि कसं ठरवलं ते शोधता येतं. एवढ्यासाठी त्यानं आयुष्य या विषयाला लावलं. हे खरं होतं आणि हेच दहा ओळींत लिहिता आलं असतं. पण ज्याला आयुष्यात एकदाच त्या खोलीत आत बोलावलं गेलं आणि ज्यानं आत गेल्यावर काय केलं हे ज्याचं त्याला ठाऊक आहे, त्यानं ते कोणत्या तोंडानं लिहायचं?

मे महिन्यात उत्तमरावांचा फोन आला होता. "सर, जरा घरी येऊन जा. तुमचा सल्ला पायजे." विमलीचा पोरगा चाळिशीत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून सर झाला होता. उत्तमरावांचा मुलगा प्रेम आखातातल्या एका बंदरावर क्रेन चालवत होता. तिथल्या दोन शेजारी देशांचं आठ दिवसांपासून एकमेकांना धमकावणं सुरू होतं, टीव्हीवर नकाशे लाल होत होते, आणि प्रेमच्या कंपनीनं सांगून टाकलं होतं की ज्याला घरी जायचं त्यानं शनिवारपर्यंत जावं, पुढची हमी नाही. प्रेमनं बापाला फोनवर विचारलं होतं, येऊ का राहू. दुपारी अडीचचं ऊन, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. प्रसेनजित आत गेला तेव्हा उत्तमराव दिवाणावर होते. खुर्चीवर त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव. प्रेमची नोकरी त्यांच्याच ओळखीनं लागली होती. स्वयंपाकघराच्या दारात प्रेमची आई अन्नपूर्णाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे प्रेमची बहीण काजल, तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. नारायणराव खुर्चीवरून उठले. "बसा, सर, बसा." एवढंच नाही, त्यांनी कूलर ओढून त्याचं तोंड प्रसेनजितकडे केलं. वाळ्याचा गार, ओलसर झोत थेट छातीवर आला आणि उत्तमराव स्वतः तिकडे दिवाणावर उपरण्यानं वारा घेत बसले.

त्याला ते आवडलं. ही एवढी साधी गोष्ट स्वतःशी कबूल करायला त्याला आठ महिने लागले, आणि तरीही ती पूर्ण कबूल झाली असं नाही. त्याला ती खुर्ची आवडली, तो झोत आवडला, बशीसकट आलेला चहा आवडला, बोलायला तोंड उघडण्याआधी खोलीत पडलेली शांतता तर फारच आवडली. "सर, तुमी हेच शिकवता म्हणते काजल," उत्तमराव म्हणाले. "लढाई होईन का नाई, तेवढं सांगा. बाकी आमी पाहून घेऊ." खरं उत्तर तोंडाशी होतं. मला माहीत नाही, उत्तमराव. कोणालाच माहीत नाही. पोराला बोलावून घ्या. पण हे उत्तर अन्नपूर्णाबाई सकाळपासून देत होत्या आणि त्यासाठी काही एम.ए. व्हावं लागत नव्हतं. 'माहीत नाही' म्हणणं म्हणजे त्या खुर्चीवरून आपण होऊन उठणं. मग तो बोलायला लागला, आणि गावात आल्यावर आपोआप जिभेवर येणारी वऱ्हाडी बाजूला ठेवून वर्गातल्या भाषेत बोलायला लागला. दोन्ही देशांचं तेल त्याच समुद्रातून जातं. लढाई पेटली तर दोघांचाही व्यापार बंद. कोणताही शहाणा देश स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत नाही. हे धमक्या देतील, चार दिवस ताणतील आणि मग मागे सरतील. "माझं ठाम मत आहे, प्रेमनं घाबरून येऊ नये." ठाम हा शब्द तो एरवी कधी वापरत नसे. वर्गात एखाद्या पोरानं उत्तरपत्रिकेत वापरला तर त्याखाली लाल रेघ मारायचा.

राष्ट्र म्हणजे नफातोटा पाहून वागणारा एक शहाणा माणूस, हा त्याच्या विषयातला पहिला सिद्धांत. पहिल्या महिन्यात शिकवायचा आणि उरलेलं वर्ष तो कसा खोटा पडतो हे शिकवायचं. हे त्याला त्या दुपारीही माहीत होतं. तो बोलत होता तेव्हा त्याच्याच डोक्यात मागे कुठेतरी उरलेली प्रकरणं पानं फडफडवत होती. चुकीचे समज, खात्याखात्यांतली ओढाताण, रागावलेले सेनापती, बैठकीत गप्प बसणारे. आणि समोर तर चौथं-पाचवं प्रकरण चक्क मांडी घालून बसलं होतं. नोकरी लावून देणाऱ्या नारायणरावांची पत, पोरगा तिकडे मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणून गावभर सांगून बसलेला बाप, दारात उभी राहून बोलणारी आणि म्हणून न ऐकू येणारी आई. "पण बाप्पा, जीवाले काई झालं तं?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, तेव्हा उत्तमरावांनी मानही न वळवता सांगितलं, "तू चूप राय. सर सांगून राह्यले ना." आणि फोन उचलला. त्या वेळी प्रसेनजित एक शब्द बोलला असता तर चाललं असतं. तो चहा प्यायला. घरी आल्यावर आईनं, आता ती त्याच्याकडेच नांदुऱ्याला राहायची, तीन-तीनदा विचारलं, "खुर्ची देल्ली? उत्तमरावानं?" त्यानं दिली म्हणून सांगितलं आणि तिनं ते संध्याकाळी विहारात सगळ्या बायकांना सांगितलं.

अकराव्या दिवशी त्या बंदरावर क्षेपणास्त्रं पडली. प्रेम क्रेनच्या खोलीत होता. शवपेटी यायला एकोणीस दिवस लागले आणि त्या एकोणीस दिवसांत दूतावासाला, कंपनीला, कोणाकोणाला जे इंग्रजी अर्ज गेले ते सगळे प्रसेनजितनं लिहिले. त्याच्याइतकं स्वच्छ इंग्रजी त्या घराच्या ओळखीत कोणाला येत नव्हतं. तो रोज जात होता. कोणी त्याला बोल लावला नाही. उलट उत्तमराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, सरांनी लई केलं आमच्यासाठी. आणि लगेच पुढे, "पोट्टं येतो म्हणत होतं. म्याच थांबवलं." ही दोन वाक्यं ते एका श्वासात म्हणायचे आणि प्रसेनजित शेजारी बसून अर्जावर तारीख घालायचा. दोष द्यायला आलेला माणूस परवडला असता. इथे त्याला मान मिळत होता, आणि त्यानं तो दर वेळी घेतला.

जुलैमध्ये काजलनं तिसऱ्या वर्षाला त्याचा विषय घेतला. यादीत नाव वाचलं तेव्हा त्याला वाटलं, शिक्षा म्हणून घेतलाय. तसं काही दिसलं नाही. ती पहिल्या बाकावर बसायची, लिहून घ्यायची, कधी प्रश्न विचारायची नाही. तिच्याशिवाय सारिका आणि सहदेव, असे तिघं. पहिला सिद्धांत त्यानं दोन महिने ओढला. उदाहरणांतून तेल आणि समुद्र काढून टाकले. पाचवं प्रकरण 'लहान गटांतील निर्णय' आलं तेव्हा फळ्याकडे तोंड करून म्हणाला, हे परीक्षेच्या दृष्टीनं महत्त्वाचं नाही, सोडलं तरी चालेल. तेरा वर्षांत हेच प्रकरण तो सगळ्यांत रंगवून शिकवायचा. सारिकानं पुस्तकात त्यावर काट मारली होती, तो आवाज त्याला पाठमोरं उभं असताना ऐकू आला होता. आज प्राचार्य अख्ख्या विषयावर काट मारायला निघाले होते म्हणून त्यांच्यावर रागवायचा हक्कही त्याच्याकडे उरला नव्हता.

बाराच्या तासाला दोघीच आल्या होत्या. सहदेवच्या गावची बस चुकली होती म्हणे. प्रसेनजितनं अभिप्रायाचं सांगितलं, शक्य तितक्या सहज. सारिका म्हणाली, "सर, विषय चांगला आहे असं लिहू का?" तो म्हणाला, लिही. काजलनं काही विचारलं नाही. वहीतलं कोरं पान उघडलं आणि लिहायला लागली. तो सारिकाला काहीतरी शिकवत राहिला, काय ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बाहेरून एक लांब मालगाडी गेली, डबे संपता संपत नव्हते, खिडकीची तावदानं थरथरत होती, आणि त्या सगळ्यातही त्याला काजलच्या पेनचा कागदावर चालण्याचा आवाज येतोय असं वाटत होतं. तास संपला तसं तिनं पान फाडलं, फाटक्या कडेचे कपटे काढून सरळ केलं आणि टेबलावर ठेवून बाहेर गेली. त्यानं ते उभ्यानंच वाचलं.

'हा विषय बंद करू नये. गेल्या मे महिन्यात आमच्या घरी एक निर्णय झाला. खोलीत पाच माणसं होती. काकांनी नोकरी लावून दिली होती, ती चुकीची ठरलेली त्यांना नको होती. बाबांनी गावात मोठेपणा सांगून ठेवला होता. आई बरोबर सांगत होती, पण तिच्या बोलण्याला आमच्याकडे मत म्हणत नाहीत. मी कपबशा उचलत होते. एका तज्ज्ञांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांना सगळे सिद्धांत माहीत होते, त्यांनी एकच सांगितला. माझा भाऊ त्यामुळे गेला की नाही ते मला सांगता येणार नाही. पाचवं प्रकरण आम्हाला शिकवलं नाही. ते मी घरी तीन वेळा वाचलं. त्यात आमच्या खोलीतलं सगळं आहे, फक्त देश दुसरे आहेत. ते मी आधी वाचलं असतं तर त्या दिवशी कपबशा खाली ठेवून बोलले असते. म्हणून हा विषय शिकवावा. पाचव्या प्रकरणासकट शिकवावा.'

ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती, तो येणार हे गृहीत धरून. तो म्हणाला, "काजल, हे घरी..." "घरी नाई सांगतलं, सर," ती म्हणाली. वर्गात ती पुस्तकी बोलायची, इथे बोलली नाही. "बाबा रोज सकाळी चूळ भरता भरता म्हणतात, म्याच थांबवलं. रोज. आई आयकते. मी सांगतलं तं माह्यावरच उखडतीन, सरांचं नाव काऊन घेतं म्हणून. तुमी सांगा." "काय सांगू?" "हेच, की तुमाले माहीत नोतं. एवढंच. मंग समदं त्याहिच्या एकट्याच्या डोक्यावर तरी नाई राहीन." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. ती अर्जातल्यासारखी एक मागणी करत होती आणि ती मागणी रास्त होती.

तो परत येऊन टेबलाशी बसला. त्याच्याकडे सारिकाचा कागद होता, 'विषय चांगला आहे व सर छान शिकवतात'. तो जोडला असता आणि काजलचा खिशात घातला असता तर कोणाला कळणार होतं? पहिल्या सिद्धांताप्रमाणे शहाणा माणूस हेच करतो. नफा इकडे, तोटा तिकडे. त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की तो एकटाच असताना मोठ्यानं हसला. चौकोनात 'कारण' या शब्दापुढे त्यानं लिहिलं, 'विद्यार्थिनीनं सोबतच्या पानावर दिलं आहे', आणि काजलचं पान टाचलं. सुचिता मॅडमनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "हे तज्ज्ञ म्हणजे कोण?" "मी." त्या म्हणाल्या, "सर, लिहिलंय छान. फक्त ते पाचवं प्रकरण शिकवलं नाही हे वाक्य तिला काढायला सांगा. अभ्यासक्रम पूर्ण झाला नाही असा अर्थ निघतो." त्यानं काढणार नाही म्हणून सांगितलं. मॅडमनी खांदे उडवले आणि कागद फायलीत लावला.

वरवटला जायला तो मोटरसायकलवर निघाला तेव्हा साडेतीन झाले होते. पूर्णेचा पूल ओलांडला की जमीन काळी, सपाट, पाणी खारं. रस्त्याकडेला तुरीची कापणी चाललेली. तो वाक्य घोकत होता. उत्तमराव, त्या दिवशी मी जे सांगितलं ते. उत्तमराव, शास्त्राप्रमाणे खरं तर. प्रत्येक वाक्याला तो पुस्तकी शेपूट लावत होता आणि पुन्हा काढून टाकत होता. आपण हे त्यांच्यासाठी करतोय का स्वतःसाठी, हेही त्याला कळत नव्हतं. मनात एक लाचार आशा होती. ते चिडतील, शिवी देतील, निघा म्हणतील आणि एकदाचं सुटेल. माफी मागायला जाणारा माणूस आतून किती हिशेबी असतो, हे त्याला गाडीवर नीट दिसलं.

उत्तमराव अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. आठ महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. "या, सर," म्हणून त्यांनी बाजेवर सरकून जागा केली. प्रसेनजित बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "उत्तमराव, मले माहीत नोतं." त्यांनी वर पाहिलं. "त्या दिवशी मी ठाम म्हणलं. मले काईच ठाम माहीत नोतं. लढाई होऊ शकते हे मले समजत होतं. नाई माहीत म्हणाची लाज वाटली. तुमी थांबवलं नाई पोराले, म्या थांबवलं." गाडीवर घोकलेलं सगळं बाजूला राहिलं आणि हे एवढंच आलं. आलं तेव्हा त्याला हलकं वाटलं, अगदी क्षणभर, आणि त्या हलकेपणाचीही लाज वाटली. उत्तमरावांनी हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

"मले दिसलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुमाले माहीत नाई हे. चाळीस वर्सं माणसं पाहून राह्यलो. बोलता बोलता तुमची नजर एका जागी ठरत नोती." त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. "पण मले पोराले थांबवाच होतं. गावात बोलून बसलो होतो, पोट्टं भेऊन वापस आलं तं लोक हासले असते. घरची आयकत नोती. कोणीतरी शिकेल-सवरेल माणूस पायजे होता, राहू द्या म्हणणारा."

"मंग मलेच काऊन?" प्रसेनजितनं विचारलं. उत्तर कळायच्या आत त्याला ते नको झालं होतं.

"शेगावचे वकील होते वळखीचे. मलकापूरचे प्रोफेसर होते, नारायणच्या सासरचे. त्याहिले बोलावलं असतं तं त्याहिनं मले झापलं असतं. उत्तमराव, येडे झाले काय, पोट्ट्याले बोलवा. ते मले तसं म्हणू शकत होते." उत्तमरावांनी सुपातला एक किडका दाणा बाजूला काढला. पुढचं बोलावं की नाही हे त्यांनी ठरवलं आणि बोलले. "तुमी आमच्या वावरातल्या इमलीचे. तुमी ह्या घरात नाई म्हणाले नसते. म्हून तुमाले बोलावलं."

अपमान झाला असं म्हणायलाही जागा नव्हती, कारण यात खोटं काहीच नव्हतं. आपण पहिल्यांदा आत गेलो असं ज्या दुपारबद्दल त्याला आठ महिने वाटत होतं, त्या दुपारी तो पायरीशीच उभा होता. फरक एवढाच की या वेळी आतल्यांना त्याचा आवाज हवा होता. अर्ध्या मिनिटानं त्याच्या लक्षात आलं की घराच्या दारात अन्नपूर्णाबाई उभ्या आहेत. हातात ट्रे होता, त्यात दोन कप. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. त्या अंगणात आल्या, ट्रे बाजेवरच्या रिकाम्या जागेत ठेवला. सरळ झाल्या, आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"म्हंजे तुमाले दोघायलेबी माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तं मंग मलेच काऊन चूप बसवलं?"

त्या उत्तरासाठी तिथेच उभ्या राहिल्या.